दोन शिटांची गाडी

गाडीला शिटा दोन आणि घरात माणसं नऊ, तिथंच सगळं नासलं, असं चांगुणाबाईंचं म्हणणं होतं. हे म्हणणं त्या गेला महिनाभर दिवसातून दोनदा ऐकवत होत्या, एकदा चुलीपाशी आणि एकदा अंगणात, म्हणजे कुणी सुटायला नको. "घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं," असं गाडीकडं बघून म्हणायच्या. गाडी धाडणारे जहागीरदार गयासोद्दीन साहेब काही आपले व्याही नव्हेत, असं कुणी म्हटलंच तर "तुमचा शहाणपणा ठिवा तिकडं" म्हणून पुन्हा भाकर थापायला लागायच्या.

थोरल्या तातेरावाला आईचं हे बोलणं मनापासून पटायचं. पटतंय हे मात्र तो कुणाला कळू देत नव्हता.

गाडी एम्जी. विलायती, उघडी, तारांच्या चाकांची, लांब नाकाची. सत्तेचाळीस साली साहेबांनी ती सिकंदराबादेहून आणली तेव्हा जालन्यात कादराबादच्या बाजारातली पोरं धुरळा खात तिच्या मागं पळाली होती. तातेरावाचे वडील रामराव तेव्हा साहेबांचे ड्रायव्हर आणि मिस्त्री, दोन्ही. पुढं निजाम गेला, जहागिरी गेली, आणि छप्पन साली गाडीही बंद पडली. मग सतरा वर्षं ती हवेलीच्या तबेल्यात कोंबड्यांच्या ताब्यात होती. दुष्काळाच्या साली साहेब घरातलं एकेक सामान काढायला लागले. भंगारवाल्यानं गाडीच्या दाराला हात घातला मात्र, साहेबांनी त्याला काठी दाखवून हाकललं आणि रामरावांना निरोप धाडला, "आके लेके जाव. मेरी आंखों के सामने तोडे तो मेरे से देखा नइं जाता."

सत्तेचाळीस साली गाडी आली, आणि सत्तेचाळीस सालीच धाकटा भुजंग जन्मला. दहा वर्षांच्या तातेरावाच्या हिशोबानं त्या एका वर्षात दोघांनी मिळून त्याचा बाप पळवला. पण गाडीवर त्याचा राग नव्हता. गाडीपाशी त्याला जाता यायचं. बाप चाक उतरवायचा तेव्हा तातेराव तांब्याचा हातोडा धरून उभा असायचा, आणि तेवढा वेळ बाप त्याचा एकट्याचा असायचा. त्या वयात त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं, की मोठेपणी ही गाडी आपल्या हाताखाली येणार.

आली की! छत्तिसाव्या वर्षी आली. लारीवरून उतरवली तेव्हा तातेराव तेलकट हात पुसत पुढं झाला, आणि रामरावांनी सगळ्या घरादेखत सांगितलं, "हिला भुजंगा करंल. तात्या, तुझा हात लारीचा हाय. ही नाजूक चीज हाय बाबा."

तुझा हात लारीचा! ज्या हातानं गॅरेज चालवलं, ज्या हातानं भुजंगाला औरंगाबादला मशीनचं शिकायला घातलं, त्या हाताचं हे कौतुक. तातेराव हसला, "बराबर हाय बाबा" म्हणाला, आणि त्या रात्री जेवला नाही. तीन वर्षं झाली, ते वाक्य अजून गळ्यात अडकलेलं होतं.

बरं, काम वाईट झालं असतं तर गडी सुखानं झोपला असता. काम चांगलं होत होतं. या गाडीचा आतला सांगाडा लाकडाचा असतो, तो वाळवीनं खाऊन पीठ केलेला. भुजंगानं जे एक दार शाबूत होतं त्यावर कागद ठेवून आकार उतरवले, कुंभार पिंपळगावचा एक म्हातारा सुतार गाठला, आणि दोघांनी सहा महिने बसून सागवानात अख्खा सांगाडा उभा केला. सिलिंडर कोरून आणले. चाकाची एकेक तार बोटानं वाजवून ताणली. नट, दिवे, जाळी औरंगाबादला नेऊन चकचकीत मुलाम्याची करून आणली. तातेराव दिवसा तिकडं ढुंकून बघत नसे, आणि सगळे बाजूला गेले की ताडपत्री उचलून बघे. प्रत्येक वेळी काहीतरी चूक सापडावी म्हणून बघे. सापडत नसे, आणि ताडपत्री तो तशीच आपटून सोडे.

बाईमाणसांचं आणखी वेगळंच. भुजंगाची बायको सत्यशीला शाळेत मास्तरीण. गाडीचं इंग्रजी पुस्तक साहेबांच्या बेगम, कमरुन्निसा यांनी ट्रंकेत जपून ठेवलेलं निघालं, ते ती वाचून नवऱ्याला समजावून सांगायची. दोघं गाडीच्या उघड्या शिटांवर शेजारी बसून वाचायचे. हे तातेरावाच्या बायकोला, शिवकन्येला, बिलकुल बघवत नव्हतं.

"कानामागून आली आन् तिखट झाली," ती पीठ मळता मळता म्हणायची. "आपण चौदा वर्सं झाले ह्या घरात राबून राह्यलो. कोणी आपल्याला शिटावर बसवून पुस्तक वाचून दाखवलं का?"

"तुला वाचून दाखवलं तर तू झोपशील," तातेराव म्हणायचा, पण ते त्यालाही लागायचं.

*

विजयादशमीला गाडी बाहेर काढायची ठरली. साहेब येणार होते, आळीतली माणसं येणार होती. पहिला फेरा भुजंगानं चालवायचा, शेजारी साहेबांनी बसायचं, आणि औरंगाबाद रोडनं नाक्यापर्यंत जाऊन माघारी यायचं. दुसऱ्या फेऱ्याला शेजारी कोण, यावरून घरात आठ दिवस अबोला चालू होता. शिवकन्येला आपली मोठी पोरगी बसायला पाहिजे होती. सत्यशीला म्हणाली, तीन वर्षं पुस्तक मी वाचलं. चांगुणाबाई म्हणाल्या, मला त्यात बसायचंच न्हाई, पण कोणी इचारलंसुद्धा न्हाई! कालपर्यंत शिवकन्या आणि सासू एका बाजूला होत्या. आज सकाळी सत्यशीलेनं सासूला नवं लुगडं दाखवून "माय, तुमीच बसा" म्हटलं, आणि बघता बघता सासूनं बाजू बदलली. शिवकन्या एकटी पडली, भांडी आदळायला लागली.

खंडेनवमीला जालन्यातल्या सगळ्या गॅरेजांत पाने-हातोड्यांची पूजा होते. रामरावांच्या गॅरेजात ती छप्पन सालापासून बंद होती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच बंद केली. पण हत्यारं घासूनपुसून, तेल लावून ओळीनं मांडायची सवय मोडली नव्हती, फक्त ते काम आता विजयादशमीच्या सकाळी व्हायचं. रामराव म्हणायचे, पूजा नको, पण ज्याच्यावर पोट आहे ते पुसून तरी ठेवावं. त्या दिवशी सकाळी साडेआठला तातेराव फडकं घेऊन पाने पुसत बसला होता. बाजूला अलीम ड्रायव्हरची लारी उभी होती. आदल्या दिवशी तातेरावानं तिचे ब्रेक केले होते, आणि तिच्या शेठनं पहाटेच येऊन तिला झेंडूच्या माळा घातल्या होत्या.

समोर भुजंग गाडीच्या डाव्या पुढच्या चाकापाशी बसून मधला नट ठोकत होता. या गाडीच्या चाकाला चार-पाच नट नसतात. मधोमध एकच मोठा नट, दोन कानांचा, आणि त्या कानावर हातोडा मारून तो आवळायचा. ठण्. ठण्. तातेरावानं सहज वर बघितलं. आणि हातातलं फडकं थांबलं.

भुजंग डाव्या चाकाचा नट उलटा ठोकून आवळत होता.

लारीला ते बरोबर. लारीच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात, म्हणजे चाक पुढं फिरतं तसा नट सुटत नाही. मराठवाड्यातला कुठलाही मिस्त्री झोपेत सांगेल. पण ह्या गाडीचा कायदा बरोब्बर उलटा! डावीकडं साधे आटे, उजवीकडं उलटे. का, ते करणाऱ्या इंग्रजाला ठाऊक. अकरा वर्षांच्या तातेरावाला बापानं ते हातोडा हातात देऊन शिकवलं होतं, "लारीचा कायदा हितं चालवला का चाक मालकाला सोडून पुढं पळतं." म्हणजे चारही चाकांचे हब, ज्यांच्या आट्यांवर नट चढतो ते, भुजंगानं खोलून मुलाम्याला नेले आणि बसवताना डावे उजवीकडं, उजवे डावीकडं बसवले. नटांवर बाण होते, ते घासण्यात पुसून गेले असणार. उभ्या गाडीवर काही दिसत नव्हतं. रस्त्यावर पाचसात मैल पळाली की दिसणार होतं.

चूक! तीन वर्षांनी सापडली!

तातेरावाच्या मनात पहिल्यांदा काय आलं, हे लपवून काय उपयोग? त्याला आनंद झाला. डोळ्यांत पाणी यावं एवढा आनंद झाला. तोंड उघडून "भुजंगा, थांब" म्हणायला एक क्षण पुरत होता. तो क्षण त्यानं पाना पुसण्यात घालवला. मग दुसरा पाना घेतला. मनाशी म्हणाला, नाक्यापर्यंत तर जायचंय. हळूहळू जातील. चाक थोडं डुगडुगेल, गाडी रस्त्यात थांबेल, साहेबांसमोर, आळीसमोर. नाजूक हाताचं नाजूक काम लोकांना दिसू दे जरा. मग मी जाईन आन् नीट करीन. मग बाबा बघतील कोणाचा हात कशाचा हाय ते.

"काय बघून राह्यले?" शिवकन्या चहा घेऊन आली होती.

"काही न्हाई."

"मंग हसून काहून राह्यले?"

"हसलो का मी?" तातेरावानं कप घेतला. चहा गोड होता, आणि त्या सकाळी त्याला तो जास्तच गोड लागला.

*

दहा वाजता साहेब टांग्यातून आले. पंचाहत्तरीचे, शेरवानी घातलेली, गळ्याशी सैल झालेली. सत्यशीलेनं आत बुद्धांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली, सगळ्यांनी हात जोडले. बाहेर कुणीतरी नारळ आणलाच होता, तो रामरावांनी घेतला आणि "खोबरं पोरांना वाटा" म्हणून आत पाठवून दिला. भुजंगानं ताडपत्री ओढली. मेंदीच्या पानासारखा हिरवा रंग उन्हात उजळला, आणि गर्दीतून "आह्हा" असा आवाज निघाला. साहेबांनी बॉनेटवर हात ठेवला.

"किसने किया रामराव?"

"लहान्यानं, सरकार. समदं त्यानंच." रामरावांनी भुजंगाला पुढं ओढलं. "असा हात म्या जालन्यात बघितला न्हाई."

तातेराव दोन पावलांवर उभा होता. त्यानं चेहरा कोरा ठेवून सगळं ऐकलं. होऊ दे, मनात म्हणाला. अर्धा तास थांब.

भुजंग किल्ली घेऊन निघाला. दार उघडलं, एक पाय आत टाकला, आणि थांबला. मागं वळून म्हणाला, "बाबा, या. तुमी चालवा."

"मी? येडा का काय तू? वीस वर्सं झाले..."

"तुमचीच गाडी हाय ती. मी नुसती पुसली."

गर्दीनं टाळ्याच वाजवल्या. चांगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. रामराव आढेवेढे घेत घेत, पण अगदी तरण्या पोरासारखे आत शिरले. साहेब शेजारी बसले. दोन शिटा भरल्या. इंजिन एका झटक्यात लागलं, त्याचा तो खर्जातला आवाज ऐकून तातेरावाच्या अंगावर काटा आला. एकोणतीस वर्षांपूर्वीचाच आवाज.

आता बोल, त्याचंच मन त्याला म्हणालं. बाप बसलाय. बोल!

आत्ता बोललो तर सगळे विचारतील, सकाळपासून हितं बसून काय करत होतास? नाक्यापर्यंतच तर जायचंय. म्हातारी माणसं, वीसच्या वर नेणार नाहीत. गाडी फाटकातून बाहेर पडली, डावीकडं वळली. साहेब हात उंचावून ओरडले, "नाका वाका नक्को रामराव! बदनापूर चलो!"

बदनापूर म्हणजे अकरा-बारा मैल.

गर्दी हसली. तातेराव हसला नाही. तो भुजंगापाशी गेला. भुजंग रस्त्याकडं बघत नुसता उभा होता, डोळे पुसत.

"भुजंगा, चाकाचे हब कशाच्या हिशोबानं बसवले रे?" त्यानं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तुझ्या."

"माझ्या?"

"आता!" भुजंग हसला. "पुस्तकात उलटंच छापलं व्हतं. डावीकडं साधे आटे, उजवीकडं उलटे. सत्यशीला भांडली माझ्याशी, पुस्तकात हाय तसंच कर म्हणे. मी म्हणलं, छापणारा चुकला असंल, आमचा दादा न्हाई चुकायचा. मी आठ वर्सांचा असताना तू मला लारीखाली झोपवून शिकवलं व्हतं, डाव्याला उलटा. त्याच्यापुढं पुस्तक काय?"

तीन वर्षं ज्याच्या नावानं तातेराव जळत होता, त्या भुजंगानं छापील पुस्तक खोटं ठरवून थोरल्याचा शब्द खरा धरला होता. आणि तो शब्द आता बापाच्या चाकाखाली फिरत होता.

"अलीम! किल्ली!"

"क्या हुआ दादा?"

"किल्ली दे म्हणलं ना!"

किल्ली हिसकावून तो लारीत चढला. भुजंग काही न कळून दुसऱ्या बाजूनं चढला. झेंडूच्या माळांसकट लारी फाटकातून सुटली. मागं चांगुणाबाईंचा आवाज आला, "अरे, आता ह्यो कुटं निघाला? ह्यालाबी बदनापूरच पाहिजे का?"

*

नाका गेला तरी गाडी दिसेना. तातेराव दात आवळून चालवत होता. भुजंग विचारत होता आणि तो एवढंच म्हणाला, "हिचे आटे लारीच्या उलट असतात. पुस्तक खरं हाय." भुजंगाचा चेहरा पांढराफटक पडला. तो दाराला घट्ट धरून पुढं बघत बसला.

चार-साडेचार मैलांवर हिरवा ठिपका दिसला. तातेरावानं हॉर्नवर हात दाबला तो काढलाच नाही.

आता गंमत बघा दैवाची. आपल्या मागं फुलांच्या माळा घातलेली लारी हॉर्न देत येतेय, हे साहेबांनी वळून बघितलं, आणि पंचाहत्तर वर्षांच्या त्या माणसाच्या अंगात सत्तेचाळीस साल संचारलं. लारीच्या केबिनमधून दोघा भावांना स्पष्ट दिसलं, साहेब रामरावांच्या खांद्यावर थापा मारत होते. शब्द ऐकू येत नव्हते, पण ऐकायची गरजच नव्हती. लारीवाला हमारे आगे जाता क्या! दबाव रामराव! आणि रामरावांनी दाबली. गाडी बाणासारखी सुटली.

"बाबा, नका हो!" भुजंग खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर येऊन हात हलवायला लागला. साहेबांनीही खुशीत येऊन उलट हात हलवला.

डाव्या पुढच्या चाकाचा नट उन्हात चमकत होता. तातेरावाला वाटलं, तो फिरताना दिसतोय. एवढ्या लांबून दिसणं शक्य नव्हतं, पण त्याला दिसत होता. तो आयुष्यात कधी नवस बोलला नव्हता, घरात ती पद्धतच नव्हती, आणि आता कुणाला हाक मारावी तेही कळत नव्हतं. मेलो मी, एवढंच तो म्हणत राहिला. मेलो मी.

वाचवलं ते शेळ्यांनी. एका धनगराचा कळप रस्ता ओलांडत होता, रामरावांना वेग कमी करावा लागला. तातेरावानं लारी कच्च्या कडेला उतरवली, दोन बाभळी घासल्या, माळा तुटून काचेवर आपटल्या, आणि कळपापलीकडं त्यानं लारी रस्त्यावर आडवी घालून ब्रेक दाबले. शेळ्या चारी दिशांना उधळल्या. गाडी वीस हातांवर थांबली.

रामराव उतरले ते दार आपटूनच.

"तात्या! बघवलं न्हाई ना तुला? आं? तीन वर्सं तुझं तोंड बघून राह्यलोय मी, मला काय कळत न्हाई? एक दिवस, एक दिवस तरी धीर धरायचा व्हता रे!"

तातेराव डाव्या चाकापाशी उकिडवा बसला, नटाचे कान दोन बोटांनी धरले आणि फिरवले. हातोडा लागला नाही. नट अलगद फिरला, एक वेढा, दुसरा वेढा. बापाला दिसावं म्हणून त्यानं हात काढून घेतला.

साहेब "या अल्ला" म्हणून मैलाच्या दगडावर बसले.

रामराव वाकले. नट बघितला, चाक बघितलं, हातानं आटे चाचपले. मग भुजंगाकडं बघून म्हणाले, "उलटं बसवलं?"

भुजंगाच्या आधी तातेरावच बोलला, "त्याची चूक न्हाई. मी शिकवलं तसं बसवलं. लारीचं."

रामराव खाली बसले, रस्त्यातच, धोतर सावरायचं भान नव्हतं. धाकट्या लेकराला हाक मारावी तशी त्यांनी तातेरावाला हाक मारली आणि जवळ आल्यावर त्याचा हात दोन्ही हातांत धरला. तेलानं काळा झालेला, नखं फुटलेला हात.

"चुकलो मी तात्या. हिला तुझ्याच हाती द्यायची व्हती. अरे, तुला तर म्या लहानपणी दाखवलं व्हतं. इसरलो मी, तू न्हाई इसरला. हा हात नसता तर आज साहेब आन् मी दोघंबी नाल्यात पडलो असतो."

"मी म्हणलं नव्हतं का?" भुजंग आता हसत होता. "दादा न्हाई चुकायचा."

बस्स. हेच पाहिजे होतं. ह्याच शब्दांसाठी तीन वर्षं काढली होती, छे, एकोणतीस वर्षं काढली होती. बापाचा हात हातात होता, भाऊ कौतुकानं बघत होता, साहेब साक्षीला होते. आता नुसतं गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसायला तर तो सकाळीच शिकला होता.

तातेरावानं हात सोडवून घेतला.

"बाबा, मला सकाळीच दिसलं व्हतं."

"काय दिसलं?"

"नट. हत्यारं पुसताना. साडेआठला. भुजंगा ठोकत व्हता ते मी बघितलं. म्हणलं, होऊ दे फजिती."

रस्त्यावर शेळ्या बें बें करत पुन्हा गोळा होत होत्या. धनगर शिव्या देत होता, त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. रामरावांनी थोरल्याकडं बघितलं, मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि साहेबांपाशी जाऊन त्याच्याकडं पाठ करून उभे राहिले.

भुजंग चाकापाशी आला. नट आवळून, दर अर्ध्या मैलाला थांबून पुन्हा ठोकत, गाडी हळूहळू घरी न्यायची, एवढाच उपाय होता. हे दोघांनाही ठाऊक होतं, सांगायची गरज नव्हती. तो तातेरावाच्या शेजारी बसला, पण त्याच्याकडं न बघता चाकाकडं बघत बोलला.

"बाबा ऐनवेळी बसले. खरं तर मीच चालवणार व्हतो."

"हां."

"मी असतो, तर आला असतास का मागं?"

तातेरावाला "आलो असतो" म्हणायचं होतं. ओठापर्यंत आलं होतं. पण लारीची किल्ली हिसकावली तेव्हा आपल्याला बापानं ओढलं की भुजंगाच्या 'तुझ्या' या एका शब्दानं, हे त्याचं त्यालाच अजून कळलं नव्हतं.

"ठाऊक न्हाई," तो म्हणाला.

भुजंगानं मान हलवली. सैल नट बोटांनी परत फिरवला.

"जॅक लाव," म्हणाला. दादा म्हणाला नाही.